ओठाला न लागलेली गोळी

हुलसूर,
सोमवार, दुपारचे दोन.

सन्मित्र धम्मानंदअण्णा यांना महादेवप्पाचे शरणु शरणार्थी, आणि तुमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे जय भीम. मंगलवहिनींना आम्हा दोघांचे नमस्कार सांगावेत. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं? मागं तुम्ही म्हणाला होता की पायऱ्या उतरताना तो वाजतो. माझाही वाजतो, पण चढताना. यातलं कोणतं वाजणं बरं, हे तुम्ही कंपाउंडर माणूस, तुम्हाला ठाऊक असणार. सवडीनं कळवा, घाई नाही. (घाई दुसऱ्या गोष्टीची आहे, ती पुढं येईलच.) इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हटलं तर मी खुशाल नाही. अक्कम्मा खुशाल आहे आणि तिचं ते खुशाल असणं मला बघवत नाही, कारण ती आडवी झाली की पाच मिनिटांत घोरायला लागते. चाळीस वर्षं झाली, एका माणसाच्या वाट्याची झोप दुसऱ्यानं घ्यावी तसं चाललंय.

फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. माझा डावा कान मंद झालाय. कान मंद झाला की माणूस मोठ्यानं बोलतो. मी मागच्या महिन्यात रविकुमारला (आमचा धाकटा, तुम्ही त्याला लहान असताना पोटदुखीचं औषध पाजलं होतं, ते त्यानं तुमच्याच शर्टावर ओकलं होतं) पोट साफ होत नाही एवढं फोनवर सांगितलं, तर समोरच्या घरातून इसबगोलची पुडी आली. म्हणून पत्र. आमच्या गल्लीतला बंडेप्पा रोज सातच्या बसनं बीदरला कचेरीत जातो, तो तुमच्या हातात आणून देईल. तो पत्र फोडत नाही, पण उजेडासमोर धरतो. म्हणून मी कागद चार घड्या करून पाठवतोय, उलगडताना फाडू नका.

तर बातमी अशी, की येत्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता बीदरला माझ्या हर्नियाचं ऑपरेशन आहे. हर्निया मोठा नाही, लिंबाएवढा आहे, खोकलो की बाहेर येतो आणि निजलो की आत जातो. म्हणजे आमच्या घरात माझ्या म्हणण्याप्रमाणे वागणारं तेवढंच एक आहे. ऑपरेशनची मला भीती नाही. मला भीती भुलीची आहे. आणि भुलीची भीती सुद्धा भुलीमुळं नाही, तर गेल्या शनिवारी भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर खोटं दिलं, त्याची आहे. ते खोटं त्यांनी फायलीत लिहून घेतलंय आणि त्या खोट्यावर विसंबून शुक्रवारी त्या मला सुई टोचणार आहेत. तुम्ही काळजी करू नका. यायची तसदी तर अजिबात घेऊ नका, वहिनींचा गुडघा आधी. मी फक्त मन मोकळं करायला लिहितोय.

आता मुळापासून सांगतो. कोळारच्या त्या गोदामावर मी सव्वीस वर्षं रातपाळीचा वॉचमन होतो हे तुम्हाला सांगायला नको, तुमचा दवाखाना समोरच होता. सव्वीस वर्षं मी दिवसा निजलो आणि रात्री कुत्र्यांबरोबर जागलो. रिटायर होऊन हुलसूरला आलो तर शरीराला कोणी सांगितलंच नाही की नोकरी संपली. अंधार पडला की माझे डोळे ताठ. घराला तीन चकरा मारायच्या, कुलूप ओढून बघायचं, शेजारची गाय हलली तरी विचारायचं कोण आहे म्हणून. आठ दिवसांनी शेजारची माणसं अक्कम्माला म्हणाली, "अक्का, अप्पा रातभर खाकरायलेत, आमचं लेकरू दचकायलंय." म्हणून मी एका डॉक्टरकडं गेलो (कुठल्या गावच्या ते लिहीत नाही, तो चांगला माणूस होता, आता हयात नाही). त्यानं बारीक गोळी दिली, अर्धी घ्यायची, झोपायच्या आधी, पंधरा दिवस. पंधरा दिवसच, असं त्यानं दोनदा सांगितलं आणि चिठ्ठीवर खाली रेघ सुद्धा मारली. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. चिठ्ठी आता पिवळी पडलीय आणि रेघ पुसून गेलीय.

अण्णा, पहिल्या रात्री त्या अर्ध्या गोळीनं काय केलं ते मी कसं सांगू. कोणीतरी येऊन माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हणालं, जा आता, पुढचं मी बघतो. सव्वीस वर्षांत माझ्या पाळीवर बदली माणूस कधी वेळेवर आला नव्हता. तो पहिला.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते चार वर्षांपूर्वी, बसवजयंतीला. तुम्ही त्या दिवशी आला होता, आठवत असेल. दारू फार वाढली म्हणून आमच्या मंडळींनी ठरवलं की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन सगळ्यांसमोर आण घ्यायची, नशेचा पदार्थ ओठाला लावणार नाही म्हणून. आणि ती आण द्यायला माणूस कोण, तर महादेवप्पा. कामून, तर महादेवप्पा सुपारी खात नाही, आणि वॉचमन होता म्हणून त्याचा आवाज लांब जातो. मी उभा राहिलो. अठरा माणसांना आण दिली. पहिली मी घेतली. तुम्ही लिंग घेतलं नाहीत, पण हात वर करून तुमचं पाचवं शील म्हटलंत आणि तंबाखूची डबी तिथंच गटारीत टाकलीत, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाजत असताना माझ्या बंडीच्या आतल्या खिशात गोळीची पट्टी होती. मी हात लावून बघितलं. होती.

त्या दिवसापासून मी विचार करतोय की गोळी ही नशा आहे की औषध आहे. औषध म्हणावं तर ते पंधरा दिवसांचं होतं. नशा म्हणावं तर मी कधी डुललो नाही, कोणाला शिवी दिली नाही, उलट अंथरुणात गप पडलो. शेवटी मी एक तोड काढली. आण कशाची होती, तर ओठाला लावणार नाही याची. म्हणून मी गोळी ओठाला लागू देत नाही. मान मागं टाकायची, तोंड मोठं उघडायचं, आणि दोन बोटांनी वरून सरळ जिभेच्या मुळाशी टाकायची. सुरुवातीला चुकायची. एकदा नाकावर पडली, एकदा मिशीत अडकली (मिशी म्हणजे ओठ धरायचा का, यावर मी आठवडाभर तळमळलो), पण आता हात बसलाय. तुम्ही हसाल. हसा. तुमच्या विहारात भंतेजी येतात त्यांना माझं नाव न सांगता विचारून बघा, पाचव्या शीलात झोपेची गोळी बसते का. बसत असेल तर मला कळवू नका.

गोळ्या मी ठेवतो कंपनीच्या त्या तीन सेलच्या बॅटरीत, सेल काढून. कोणी हात लावत नाही तिला. लाइट गेली की अक्कम्मा कधीमधी ती दाबून बघते, लागत नाही, म्हणते, "सेल सरल्यासारखे दिसायलेत," आणि होती तिथं ठेवून देते. भोळी आहे.

आता गोळीचे गुण सांगतो आणि मग अवगुण सांगतो, म्हणजे दोन्हीकडून न्याय होईल. गुण एकच, झोप येते. अवगुण मला सात वर्षं दिसलेच नाहीत. मग वय झालं. तालुक्याचा तरुण डॉक्टर म्हणतो, (त्याची भेट पुढं आहे) म्हाताऱ्याच्या शरीरातून ही गोळी लवकर बाहेर पडत नाही, आजची उद्यापर्यंत रेंगाळते, तिच्यावर उद्याची पडते. ते खरं असावं. सकाळी माझं डोकं ओल्या गोणपाटासारखं जड असतं. न्हाणीतून येताना तोल जातो, भिंतीला हात लावून चालतो आणि लोकांना सांगतो की भिंतीला ओल आलीय का बघायलोय. एकदा तर लिंगपूजेला बसलो, तळहातावर लिंग, डोळे मिटलेले, आणि तसाच पेंगलो. जाग आली तेव्हा माझा हात कलंडलेला, आणि त्याच्या खाली अक्कम्माचा तळहात धरलेला. किती वेळ ती तशी बसली होती कोण जाणे. मी म्हटलं, "ध्यान लागलं होतं." ती म्हणाली, "व्हय, घोरायलं होतं ध्यान." आणि भाकरी थापायला उठून गेली.

पण सगळ्यात मोठा घोळ झाला तो यंदाच्या बसवजयंतीच्या आधी. एका सकाळी मी बसस्टँडवर पेपर वाचायला गेलो तर तिथं माझा फोटो. हार घातलेला नव्हता म्हणून आधी जीव भांड्यात पडला. मोठं फ्लेक्स, वर बसवण्णा, खाली मी, (फोटो रविकुमारच्या लग्नातला, चिडलेला) आणि शब्द असे: यंदाचे महादासोही श्री. महादेवप्पा यांच्यातर्फे समस्त गावास हुग्गीचा दासोह. म्हणजे अख्ख्या गावाला गव्हाची खीर मी घालणार. मी जवळच्या माणसाला विचारलं, हे कोणी ठरवलं. तो म्हणाला, "अप्पा, तुमीच की. परवा सांजच्याला मंडळी आल्ती न्हाई का तुमच्याकडं. लिंग हातात घेऊन म्हणालाव, कोणी उपाशी जायचं न्हाई म्हणून."

अण्णा, मला काही आठवत नव्हतं. थोडंसं नाही असं नाही, काहीच नाही. घरी येऊन मी आडून आडून अक्कम्माला विचारलं. ती म्हणाली, जेवणं झाल्यावर चौघं आले होते, मी अर्धा तास त्यांच्याशी नीट बोललो, चहा सांगितला, हुग्गीत गूळ किती पडतो यावर वाद घातला आणि जिंकला सुद्धा. म्हणजे ते येण्याआधी गोळी पोटात गेलेली होती, मी बसून बोलत होतो, पण लिहून घेणारा आतला कारकून घरी निघून गेला होता. डॉक्टर म्हणाला, ही या गोळ्यांची खोडच आहे. माणूस जागा दिसतो, बोलतो, चालतो, आणि सकाळी त्याची पाटी कोरी. दवाखान्यात तर मुद्दाम याच जातीचं औषध देतात, पोटात नळी घालून बघायची असली की. रोगी सांगेल तसं करतो आणि नंतर त्याला त्रास आठवत नाही. मी मनात म्हटलं, माझ्याही पोटात नळी घातली असती तर परवडलं असतं.

दासोह झाला. चांगला झाला, लोक अजून नाव काढतात. अक्कम्माच्या माहेरची माणसं दोन दिवस राबली. तिनं एक शब्द विचारला नाही, हे मला फार लागलं. भांडली असती तर मी खोटं बोलून मोकळा झालो असतो. आणि हुग्गीचं पातेलं चुलाण्यावरून उतरवताना मी पुढं होऊन हात घातला, महादासोही म्हणून, तेव्हा जांघेत काहीतरी सटकन सरकलं. तोच हा लिंबू.

मग मी ठरवलं की गोळी बंद. आजपासून बंद, कायमची. पट्टी घेतली आणि फेकून द्यायच्या ऐवजी सिद्धप्पाला दिली. सिद्धप्पा म्हणजे आमच्या गल्लीतला तेलवाला, त्या अठरा जणांतला सातवा. त्याची तक्रार होती की दारू सोडल्यापासून झोप लागत नाही. आमच्याकडं तुम्हाला ठाऊकच आहे, एकाला गुण आलेलं औषध दुसऱ्याला द्यायचं म्हणजे पुण्याचं काम समजतात. डोळ्याचे थेंब आमच्या गल्लीत सात घरं फिरून येतात. मी त्याला म्हटलं, अर्धी घे.

आता एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. माझ्याकडं पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी हात असे कापायला लागले की विभूती कपाळाऐवजी कानाला लागली. छातीत धडधड, अंगाला घाम, भिंतीवरचं कॅलेंडर हलल्यासारखं. भांडं पडलं की मी उडायचो. मला वाटलं हार्ट. आणि त्याच तिसऱ्या दिवशी भर दुपारी सिद्धप्पाची बायको पळत आली की नवरा उठेना. मी गेलो. तो दुकानातच पोत्यावर पडला होता. हलवला, पाणी मारलं, कानात नाव घेतलं. श्वास चालू होता, पण एक घेतला की दुसरा घ्यावा की नाही याचा विचार केल्यासारखा थांबायचा. आणि तोंडाला वास. अण्णा, आण घेतलेला माणूस तो. त्यानं दारू सोडलीच नव्हती, फक्त माझ्यासमोर प्यायची सोडली होती. दारूवर माझ्या दोन गोळ्या.

त्याला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. सारा रस्ता मी त्याचे श्वास मोजत होतो, माझ्या कापणाऱ्या हातानं त्याची छाती धरून, त्यामुळं कोण हलतंय तेच कळेना. तिथला डॉक्टर तरुण, कलबुर्गीकडचा, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारा. त्यानं नळी लावली, श्वास सांभाळला. संध्याकाळी सिद्धप्पानं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला, "अप्पा, लई दिसानं झोप लागली." मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो आणि रडलो. तेव्हा डॉक्टर येऊन शेजारी बसला, माझा हात धरला, कापतोय बघितलं आणि विचारलं, "अज्जा, तुम्ही किती वर्षांपासून घेता?" नुसतं हात बघून.

त्यानं मला जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही (गोळी घेतलेली नव्हती, म्हणून आठवतंय). म्हणाला, मेंदूत सगळ्यांना गप बसवणारं एक रसायन असतं. ही गोळी त्याचं बळ वाढवते. मी म्हटलं, म्हणजे आत एक वॉचमन आहे आणि गोळी त्याला काठी देते. तो म्हणाला, तसंच समजा. पण रोज गोळी यायला लागली की तो वॉचमन सुस्त होतो, स्वतः काही करत नाही. मग एके दिवशी तुम्ही अचानक गोळी काढून घेतली की आत कोणी ओरडा थांबवणारा नसतो. हात कापतात, झोप उडते, एखाद्याला फीट येते. म्हणून अचानक बंद करायची नाही, डॉक्टरच्या देखरेखीखाली महिन्या-महिन्यानं कमी करत उतरायचं. मग त्यानं रस्त्याचं उदाहरण दिलं. थोडं औषध म्हणजे हुलसूर, काळजी कमी होते. आणखी थोडं म्हणजे भालकी, झोप लागते. आणखी म्हणजे बीदर, भूल, माणूस कापला तरी कळत नाही. आणि बीदरच्या पुढं गेलं की श्वास थांबतो, तिकडून परतीची गाडी नाही. दारूही याच रस्त्यानं जाते. तुम्ही तुमच्या मित्राला दोन्ही गाड्यांत एकदम बसवलं, अज्जा.

आणि जाता जाता तो असं एक बोलला की ते माझ्या मनातून जात नाही. म्हणाला, दारू एकदम सोडणाऱ्या माणसाला आम्ही दवाखान्यात चार-पाच दिवस याच जातीच्या गोळ्या देतो, मोजून, नाहीतर त्यालाही फीट येते. म्हणजे बघा, त्या अठरा जणांना मी नुसतं लिंग हातात देऊन घरी पाठवलं. त्यातल्या चौघांचे हात दुसऱ्या दिवसापासून माझ्यासारखेच कापत होते, मी स्वतः बघितले होते, आणि त्यांना म्हणालो होतो, पाप बाहेर पडायलंय, पडू द्या. पाप नव्हतं ते. त्यांना चार दिवस दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं, आणि औषध माझ्या बंडीच्या खिशात होतं.

सिद्धप्पा बरा आहे. तो माझं सांगत नाही, मी त्याचं सांगत नाही. गल्लीत आम्ही असं पसरवलं की त्याला ऊन लागलं. त्या डॉक्टरनं मला पुन्हा गोळी चालू करून दर महिन्याला थोडी थोडी कमी करायला सांगितली होती. मी त्यातलं पहिलं वाक्य पाळलं.

आणि मग गेला शनिवार. बीदरला ऑपरेशनच्या आधीची तपासणी. माझ्या एका बाजूला अक्कम्मा, दुसऱ्या बाजूला रविकुमार, समोर भुलीच्या डॉक्टरीणबाई, आपल्या मुलीच्या वयाच्या. फार चांगली बाई. मी विचारलं, गळ्यातलं लिंग काढावं लागेल का, ते अंगावेगळं करत नाहीत. ती म्हणाली, "काढू नका अप्पा, आपण पट्टीनं मनगटाला बांधू." एवढं कोण ऐकतं आजकाल. मग फायलीत बघत एकेक विचारायला लागली. बीपी? शुगर? दमा? दात हलतात का? शेवटी पेन थांबवून माझ्याकडं बघून म्हणाली, "झोपेची गोळी, दारू, तंबाखू, काही घेता का? घेत असलात तर सांगा, त्याप्रमाणं मला भुलीचं औषध कमी-जास्त करावं लागतं." अण्णा, तिनं दार एवढं उघडं धरलं होतं. माझी जीभ हलली सुद्धा. तेवढ्यात रविकुमार हसून म्हणाला, "मॅडम, आमचे अप्पा गावाला आण देतात, सुपारी सुद्धा खात नाहीत." आणि मी मान हलवली. नुसती हलवली नाही, वर म्हणालो, "कधीच नाही." तिनं लिहिलं. अक्कम्मा खिडकीबाहेर बघत होती.

आता दोन रात्री मी हिशेब करतोय. रोज गोळी खाणाऱ्याला भूल कमी लागू पडते म्हणतात, मग मी मधेच जागा होऊन टेबलावर बघत बसेन. उलट बाई जास्त देतील आणि आदल्या रात्रीची गोळीही आत असेल, तर सिद्धप्पासारखा श्वास थांबत थांबत मी बीदरच्या पुढं जाईन. न घ्यावी तर हात कापतील, फीट येईल. घेऊन मेलो तर लोक म्हणतील आण मोडून मेला, न घेता मेलो तर कोणाला कळणारही नाही की आण पाळून मेला. कुठूनही बघितलं तरी तोटाच आहे. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. थोरामोठ्यांच्या कृपेनं सगळं ठीक होईल. वहिनींनी गुडघ्याला तीळतेल लावावं, कोमट करून.

तुमचा,
महादेवप्पा

ता. क. यायची तसदी घेऊ नका असं वर लिहिलंय ते खोडावं असं वाटतंय, पण कागद खराब होईल. गुरुवारी दुपारीच या. मला त्याच दिवशी भरती करून घेणार आहेत. तुम्ही दवाखान्यातला माणूस, तुम्हाला यातले शब्द येतात. भुलीच्या बाईंना बाजूला घेऊन तुम्हीच सांगा, की हा माणूस अकरा वर्षं रोज अर्धी गोळी घेतो. सांगताना बरोबर हेही सांगा, की माणूस तसा वाईट नाही.

आणखी एक. नाही, तुम्ही सांगू नका. खोटं मी तिच्या तोंडावर बोललो, खरंही मीच बोलायला पाहिजे. तुम्ही एवढंच करा, अक्कम्माला आणि रविकुमारला चहाला घेऊन जा. कँटीनमध्ये नको, ते जवळ पडतं. लांब न्या. मला पाऊण तास लागेल, कारण मी गोदामापासून सुरुवात करणार.

आणखी एक, हे खाजगी. तुम्ही त्या दिवशी तंबाखूची डबी गटारीत टाकली होती. नंतर दुसरी घेतलीत का, हे मला स्पष्ट लिहून पाठवा. घेतली असेल तर मी रागावणार नाही. उलट मला या वेळी फार आधार होईल.

शेवटचं. पाकीट चिकटवायला गोंद सापडेना म्हणून अक्कम्माला खळ करायला सांगितली. ती खळ घेऊन आली, हात पुसले, आणि पत्र उचलून वाचायला बसली. (ती सातवी पास आहे, मी चौथी.) मी काढून घ्यायला पाहिजे होतं, पण हात उचलला नाही. तिनं ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं, सिद्धप्पाच्या तिथं थांबून डोळ्याला पदर लावला, पुढं वाचलं. मी रस्त्याकडं बघत बसलो. मग म्हणाली, "मॅडमला आकडा बरोबर सांगायला पाहिजे. अर्धी का अख्खी?" मी म्हटलं, अर्धी. ती उठली नाही. मी म्हटलं, अख्खी. तरी उठली नाही. शेवटी मी सांगितलं तेव्हा तिनं रविकुमारच्या वहीतला कागद फाडला, गोळीचं नाव बॅटरी उघडून पट्टीवरून उतरवून घेतलं, (झाकण कोणत्या बाजूनं फिरतं हे तिनं विचारलं नाही) पुढं आकडा लिहिला आणि चिठ्ठी दवाखान्याच्या फायलीत सगळ्यात वर लावली. म्हणाली, गुरुवारी ती स्वतः बाईंच्या हातात देणार, आणि मी शेजारी उभं राहून तोंडानं सांगायचं, ती कुठंही चहाला जाणार नाही. तेव्हा अण्णा, तुम्ही या मात्र जरूर. आणि वरच्या पत्रात माझ्याबद्दल जिथं जिथं अर्धी लिहिलंय, तिथं तिथं दीड वाचावी.